रानातील दोन दिवस : स्थानशोधातून निसर्गशिक्षण

कोल्हापूरहून राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे निघालेला प्रवासी उसाची शिवारे मागे टाकून जसजसा पश्चिमेकडे जातो, तसतसे रान दाट होत जाते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेल्या धरणाचा लक्ष्मी तलाव भोगावतीच्या खोऱ्यात लागतो आणि त्याच्या पुढे दाजीपूरचे जंगल सुरू होते. एके काळी हे करवीर संस्थानच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित करण्यात आले. १९८५ मध्ये त्याचे क्षेत्र वाढवून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत.

एवढा मोठा वारसा दाराशी असताना तो पुढील पिढीच्या परिचयाचा किती आहे, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. शाळेची सहल अभयारण्यात जाते, गाडीतून गवा दिसतो किंवा दिसत नाही, डबे खाऊन होतात आणि मुले परत येतात. अंजनी कोणती, हिरडा कोणता, जांभ्या दगडाचा सडा कशाला म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत कधी कधी फार मोठी असते. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूर शहरालगत गवे आले, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी आणि त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी बघ्यांची गर्दी झाली. बिथरलेल्या गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाला प्राण गमवावे लागले. पूर्ण वाढलेल्या नर गव्याचे वजन हजार किलोपर्यंत जाऊ शकते. तो एरवी माणसाला टाळणारा प्राणी आहे. परंतु त्याची वाट अडवली तर तो काय करील, याचा भरवसा नसतो. वन्य प्राण्यापासून किती अंतर राखावे, हे शहरातील सुशिक्षितांनाही माहीत नसावे, ही गंभीर बाब आहे.

म्हणूनच निसर्गशिक्षणाचा विचार करमणुकीच्या पलीकडे जाऊन करणे आवश्यक ठरते. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत, जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने, मुलांना परिसर ओळखायला लावणारा उपक्रम कोणत्याही शाळेला अल्प खर्चात राबविता येतो. त्याला स्थानशोधाच्या खेळाची जोड दिली, तर मुलांचा उत्साह वाढतो आणि भूगोलाचा पाठही प्रत्यक्ष घडतो.

स्थानशोध म्हणजे काय?

लपविलेली वस्तू खुणांच्या आधारे शोधण्याचा खेळ स्काऊट-गाईड पथकांमुळे आपल्याकडे परिचित आहे. खडूचे बाण, दगडांची रचना, गाठ मारलेले गवत अशा मागखुणा ओळखत मुले खजिन्यापर्यंत पोचतात. याच खेळाचे उपग्रहयुगातील रूप म्हणजे जिओकॅशिंग. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून नागरी वापरासाठी येणाऱ्या संदेशात पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे. मे २००० च्या प्रारंभी ती पद्धत बंद करण्यात आली आणि सामान्य नागरिकाच्या हातातील यंत्रही जागा पुष्कळच अचूक दाखवू लागले. त्यानंतर लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यातील रानात एक बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने वहीत नाव नोंदवावे, एखादी वस्तू घ्यावी आणि तिच्या जागी दुसरी ठेवावी, एवढाच नियम होता. आज हा खेळ जगभर खेळला जातो.

यातील मूळ कल्पना ग्रामीण वाचकाला अपरिचित नाही. सात-बाराच्या उताऱ्यावरील गट क्रमांकावरून गावातील शेत जसे नेमके ओळखता येते, तसे अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांवरून पृथ्वीवरील कोणतेही ठिकाण ओळखता येते. कोल्हापूर शहर सुमारे १६ अंश ४२ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७४ अंश १४ मिनिटे पूर्व रेखांशावर वसले आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर अंतर. मिनिटाचा साठावा भाग म्हणजे एक सेकंद, ते होते सुमारे ३१ मीटर. रेखांशाचे एक सेकंद कोल्हापूरच्या पट्ट्यात सुमारे ३० मीटर भरते. आकडा लिहिताना एका सेकंदाची चूक झाली, तरी मुले ओढ्याच्या पलीकडे जाऊन शोधत बसतील. अचूक नोंदीचे महत्त्व पटवून देणारा याहून सोपा धडा वर्गात सापडणे कठीण आहे.

मोबाईल दूरध्वनीतील ग्राहकयंत्र किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांना लागलेला वेळ मोजून आपली जागा ठरविते. आपल्या देशाची ‘नाविक’ ही उपग्रह-मालिकाही याच तत्त्वावर उभारलेली आहे. मोकळ्या मैदानात साधारणतः पाच ते दहा मीटरपर्यंत अचूकता मिळते; गर्द झाडीत आणि दरीत ती घटते. याचा अर्थ असा, की यंत्र मुलांना झाडांच्या घोळक्यापर्यंत आणून सोडते. त्या घोळक्यातील नेमके झाड कोणते, हे पान, साल, फूल आणि फळ पाहूनच ठरवावे लागते. यंत्राचे काम जेथे संपते, तेथे निरीक्षणाचे काम सुरू होते. शिक्षणाच्या दृष्टीने या खेळाचे सारे महत्त्व या शेवटच्या दहा पावलांत आहे.

पहिला दिवस : उद्यानात

उपक्रमाचा पहिला दिवस शाळेचे आवार, गावची गायरान जमीन किंवा एखादे सार्वजनिक उद्यान येथे घ्यावा. कोल्हापूर शहरातील शाळांना जुन्या वृक्षांची टाऊन हॉल बाग किंवा शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर यांचा उपयोग संबंधितांच्या परवानगीने करून घेता येईल. चाळीस विद्यार्थ्यांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक किंवा पालक असावा आणि प्रत्येक गटात एक यंत्र, एक होकायंत्र व एक वही पुरेशी आहे. यंत्र उपलब्ध नसेल, तर पावलांनी अंतर मोजून आणि होकायंत्राने दिशा धरूनही हा खेळ उत्तम होतो.

शिक्षकांनी आदल्या दिवशी घट्ट झाकणाचे सहा-सात डबे ठरविलेल्या जागी ठेवावेत. डब्यात नोंदवही, पेन्सिल आणि त्या जागेविषयीचा एक प्रश्न असावा. उदाहरणार्थ, एका डब्याजवळ ताम्हण हे झाड असेल, तर उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी बहरणाऱ्या या वृक्षाला महाराष्ट्रात कोणता मान आहे, असे विचारता येईल. राज्यफूल ताम्हण, राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियल आणि राज्यवृक्ष आंबा यांची ओळख अशा रीतीने पाठांतराविना होते. पुढील डब्याचे अक्षांश-रेखांश या उत्तरात दडविले, तर खेळाची रंगत वाढते.

काही पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळली पाहिजेत. डबा पुरण्यासाठी जमीन खणू नये, झाडाला खिळा ठोकू नये. झाडाच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत किंवा वारुळाजवळ डबा ठेवू नये. तेथे साप-विंचवांचा धोका असतो आणि पक्ष्यांच्या घरट्यांनाही उपद्रव होतो. डब्यात खाद्यपदार्थ घालू नयेत. सायंकाळी डबे मोजून परत घ्यावेत. जितके ठेवले तितके परत आले, याची नोंद केल्याशिवाय दिवस संपला असे समजू नये.

दुसरा दिवस : अभयारण्यात

दुसऱ्या दिवशी पहाटे राधानगरी किंवा दाजीपूरकडे निघावे. येथे नियम बदलतात, आणि ते का बदलतात हे मुलांना आधी समजावून सांगणे अगत्याचे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते, तसेच तेथील वनस्पती, प्राणी वा वनोपज यांना हानी पोचविणे किंवा ते नेणे निषिद्ध आहे. म्हणून अभयारण्यात डबे ठेवू नयेत. वन विभागाची रीतसर परवानगी घ्यावी आणि स्थानिक वाटाड्याबरोबर ठरलेल्या वाटेनेच चालावे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. त्यामुळे हा कार्यक्रम हिवाळ्यात आखणे सोयीचे.

डब्याविना स्थानशोध कसा होईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील भूविज्ञान संस्थेने २००४ मध्ये या खेळाचा असा एक प्रकार प्रचारात आणला, की ज्यात ठरलेल्या जागी काहीही लपविलेले नसते. त्या जागेचा खडक किंवा भूरूप पाहून प्रश्नाचे उत्तर देणे, हाच शोध. राधानगरीच्या रानाला ही पद्धत फार अनुरूप आहे. सड्यावर पोचल्यावर जांभा दगडाला भोके का पडलेली असतात आणि एवढ्या पावसाच्या प्रदेशात सड्यावर मोठी झाडे का वाढत नाहीत, हे मुलांनी पाहून सांगावे. जांभा हा मूळच्या काळ्या कातळाची दीर्घकाळ झीज होऊन बनलेला, लोहयुक्त खडक आहे. त्याच्यावर मातीचा थर अगदी पातळ असल्याने वृक्षांची मुळे खोल जाऊ शकत नाहीत. पावसाळ्यात मात्र तेथे अल्पायुषी फुलझाडे बहरतात. रानात शिरल्यावर कारवीची वाढ, हिरड्याची फळे, वाटेवरील शेण व खूर यांवरून गव्याचा वावर, शेकरूचे उंच फांद्यांवरील घरटे, अशी नोंद करता येते. गवा दिसलाच, तर गटाने जागीच शांत उभे राहावे आणि वाटाडा सांगेल त्याप्रमाणे मागे सरावे. आदल्या दिवशी मीटर मोजायला शिकलेल्या मुलांना अंतर राखण्याचा हा पाठ लवकर उमगतो.

वाटाडा गावातलाच असावा, यात आणखीही एक हेतू आहे. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याचे पीक गवे खातात. शासनाकडून नुकसानभरपाईची तरतूद असली, तरी रात्रीची राखण त्याला चुकत नाही. शहरातील मुलांना रानाची शोभा दिसते. त्या शोभेचा भार कोण वाहतो, हे त्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही. वाटाड्याला योग्य मोबदला मिळाला, तर रान राखण्यात गावाचाही लाभ आहे ही भावना दृढ होते.

पंचायतीचा वाटा

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, लोकांच्या सहभागाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. ही नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. ती वेळोवेळी अद्ययावत व्हावी, अशी अपेक्षा आहे. विद्यार्थ्यांच्या दोन दिवसांच्या नोंदी येथे उपयोगी पडू शकतात. गावातील जुना वड कोठे आहे, देवराईत कोणती झाडे उरली आहेत, पाण्याचा जिवंत झरा कोणत्या जागी आहे, यांच्या नोंदी अक्षांश-रेखांशांसह झाल्या, तर दहा वर्षांनंतर येणाऱ्या मुलांना त्याच जागी उभे राहून काय टिकले आणि काय गेले, हे ताडून पाहता येईल. अर्थात मुलांच्या नोंदी जाणकाराने तपासून घेतल्या पाहिजेत. तसेच दुर्मीळ औषधी वनस्पतींच्या नेमक्या जागा जाहीर न करता समितीकडेच ठेवणे इष्ट होय. अन्यथा नोंदवहीच चोरट्यांची वाटाडी ठरेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडण्यात आली आहे. त्यांतील दोन दिवस अशा उपक्रमासाठी सहज देता येतील. त्यासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत आणि वन विभाग यांनी आधी एकत्र बसून वाट, वेळ व जबाबदारी ठरविणे तेवढे आवश्यक आहे.

शाहू महाराजांनी भोगावतीचे पाणी अडविले, त्याचा लाभ खालच्या शिवारांना आजही होत आहे. ते पाणी ज्या डोंगरांवरून येते, ते डोंगर झाडीने झाकलेले राहिले तरच तलावही भरत राहील. हे रान राखण्याची जबाबदारी उद्या ज्यांच्यावर येणार आहे, त्यांना त्याच्या वाटा, त्याची झाडे आणि त्याच्या मर्यादा आजच ओळखीच्या करून दिल्या पाहिजेत.