रविवारच्या तासाचा हिशेब

तलासरीकडील काही आदिवासी बांधव दर रविवारी सकाळी ख्रिस्ती उपासनेस जाऊन बसतात. तेवढ्या वेळात चार पैसे मिळवतील तर काय बिघडेल, असा प्रश्न डहाणूच्या पेठेत पुष्कळदा ऐकू येतो. हिशेबी वृत्ती आम्हांसही मान्य आहे. परंतु जमेची बाजू कोरी ठेवून केवळ खर्च मांडणारी वही कोणता सावकार खरी मानील? चैत्री पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा हीच पेठ वेळेकडे पाहात नाही, आणि ते योग्यच आहे.

वारल्याच्या वेळेची किंमत आपणांस सुचली तीही फार उशिरा. जमीनदाराचे बोलावणे येताच स्वतःचे शेत तसेच टाकून त्याने वेठीस जावे, अशी या भागाची रीत होती. २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी, हजारो वारल्यांनी जमून वेठ नाकारली. ती चळवळ लाल बावट्याची होती, ख्रिस्तमंदिराची नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्याचा दिवस काल परक्याचा होता, त्याने आज एक तास आपल्या इच्छेने कोठेही घालविला, तर त्यास उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

रविवार हा साहेबाचा वार, असे कोणी म्हणेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो गिरणी कामगारांसाठी खंडोबाचा वार म्हणून मागितला होता, आणि १० जून १८९० रोजी मुंबईत ती सुट्टी मिळाली. साप्ताहिक सामुदायिक उपासनेचे मोलही न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्या प्रार्थना समाजाने ओळखले होते. त्याबद्दल टवाळी मात्र पुष्कळ झाली.

तरीही प्रत्येक उपासना वेळेच्या मोलाची ठरतेच असे नाही. मुलास शाळेत जागा मिळावी किंवा अडचणीस पैसे मिळावेत, एवढ्याचसाठी कोणी जात असेल, तर तो तास पुन्हा वेठीचाच झाला. तेथून परतल्यावर हिरवा देव मानणारा शेजारी हीन वाटू लागला, तरी तो फुकट गेला. संविधानाचे २५ वे कलम जाणाऱ्यास आहे, तसेच न जाणाऱ्यासही आहे. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमन कॅथलिकांची मिस्सा लॅटिन सोडून लोकभाषेत येऊ लागली. येथील प्रवचनकारांनी आणखी एक पाऊल टाकून वारलीतच बोलावे; न समजणाऱ्या शब्दांपुढे मान डोलावण्यात कोणाचेच हित नाही. आमच्या कथेकऱ्यांनाही हे लागू आहे, पण तो विषय निराळा.

दिवाळीनंतर याच पाड्यांवरील कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. तेथे उचल फिटेपर्यंत रविवार आणि सोमवार सारखेच. ख्रिस्तमंदिरातील तासाची ज्यांस इतकी काळजी वाटते, त्या व्यापारी मित्रांनी सातव्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचा ठराव आपल्या मंडळात आधी मांडावा. त्या दिवशी कोणी मिस्सेस जाईल, कोणी देवास नारळ ठेवील, कोणी अंगणात नुसता पडून राहील.