रक्त थांबविणारे चिनी मूळ

पेन्सिलीला टोक काढताना ब्लेड बोटाला लागते. रक्त येते. तुम्ही बोट दाबून धरता आणि चार-पाच मिनिटांत रक्त थांबते. कोणी वर हळद दाबली असेल, तर सारे श्रेय हळदीला मिळते! पण हळद नसती तरी रक्त थांबलेच असते. मग एखादे औषध खरोखरच रक्त थांबविते की नाही, हे ठरवायचे कसे? चीनमधील एका प्रसिद्ध मुळाचे उदाहरण घेऊन पाहू या.

प्रथम, रक्त थांबते कसे? रक्तवाहिनी कापली गेली की ती आकुंचन पावते. मग रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेच्या तोंडाशी जमतात. या अवघ्या दोन-तीन मायक्रॉन रुंदीच्या असतात. पण १ घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या सुमारे दीड ते चार लाख असते. तिसरी पायरी रक्तातील प्रथिनांची. एक प्रथिन कार्यान्वित झाले की ते पुढच्याला कार्यान्वित करते, आणि शेवटी फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. रक्तपट्टिका या विटा मानल्या, तर फायब्रिन म्हणजे त्यांना बांधून ठेवणारा चुना.

यांपैकी कोणतीही पायरी बिघडली, तर रक्तस्राव लांबतो. डेंग्यूच्या तापात रक्तपट्टिका कमी होतात. हिमोफिलिया या आनुवंशिक रोगात प्रथिनांच्या साखळीतील एक कडी, बहुधा ‘आठवा घटक’, अपुरी असते. हा रोग मुख्यतः मुलग्यांत आढळतो.

आता आपल्या मुळाकडे वळू. चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात ‘सान-ची’ नावाची वनस्पती पिकवितात. ती जिनसेंगच्या कुळातील आहे. ली शि-जेन या वैद्याने १५७८ साली पुऱ्या केलेल्या ‘बेन-त्साओ गांग-मू’ या औषधिग्रंथात, दक्षिणेकडील सैन्यात जखमांवर हे मूळ वापरतात, अशी नोंद केली आहे. १९८१ साली जपानी संशोधकांनी या मुळातील रक्त थांबविणारे द्रव्य म्हणून एका अमिनो आम्लाची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव डेन्सिचिन. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने रक्तस्राव लवकर थांबल्याचे दिसून आले.

गंमत अशी, की हे द्रव्य आपल्याला अगोदरच ठाऊक होते! विदर्भातील लाखोळीची डाळ तुम्हांला माहीत असेल. दुष्काळात महिनोन् महिने मुख्यतः हीच डाळ खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. तिच्यातील घातक द्रव्य १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वेगळे काढले. ते आणि डेन्सिचिन एकच! तेव्हा ‘वनस्पतीचे औषध, म्हणजे निर्धोक’ हा समज सोडून द्यावा. किती मात्रा आणि किती दिवस, हे प्रश्न येथेही सुटत नाहीत.

चिनी वैद्य रक्त थांबविण्यासाठी कच्चे मूळ देतात आणि शक्तीसाठी वाफवलेले. वाफवल्याने डेन्सिचिन कमी होते, हे रसायनशास्त्राने पुढे दाखविले. म्हणजे जुन्या अनुभवात तथ्य होते. परंतु त्याच मुळात सॅपोनिन वर्गातील संयुगेही असतात व त्यांपैकी काही रक्तपट्टिकांना एकत्र येऊ देत नाहीत. म्हणून मुळातून वेगळी काढलेली सॅपोनिने चीनमध्ये गुठळीच्या विकारांवर देतात. मूळ एक, गुण दोन, आणि तेही परस्परविरुद्ध!

१९०२ साली चू ह्वान-जांग यांनी तयार केलेले ‘युन्नान बाय-याओ’ हे औषध तर जगप्रसिद्ध आहे. त्यात सान-ची असते. पण संपूर्ण कृती चीनने गुप्त ठेवली आहे. २०१३ साली हाँगकाँगच्या आरोग्य खात्याने या औषधाचे काही प्रकार बाजारातून परत मागविले. त्यांत बचनागाच्या वर्गातील विषारी द्रव्ये आढळली होती आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेखही नव्हता.

मग परीक्षा कशी घ्यावी? लंबकाचा प्रयोग आठवा. आपण फक्त लांबी बदलतो, बाकी सारे तसेच ठेवतो. औषधाचेही तसेच. सारख्या रुग्णांचे दोन गट करायचे. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी भुकटी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही माहीत नसावे आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. बाय-याओच्या पुष्कळ चाचण्या झाल्या. पण त्यांतील बऱ्याच लहान किंवा सदोष होत्या.

शिवाय औषध कोणत्या पायरीवर काम करते, हेही पाहावे लागते. रक्तपट्टिकांना मदत करणारे औषध कदाचित काही रुग्णांना उपयोगी पडेल. पण हिमोफिलियात आठवा घटक शरीरात कमीच असेल, तर विटा कितीही रचल्या तरी चुना कोठून येणार? तेथे तो घटक टोचून देणे, किंवा त्याची उणीव भरून काढणारे आधुनिक औषध देणे, हेच उपाय खात्रीचे आहेत. अशा रुग्णाने डॉक्टरांना न विचारता कोणतीही मुळी घेऊ नये.

यापुढे कोणी ‘अमुक लावले आणि रक्त थांबले’ असे सांगितले, तर त्यांना नम्रपणे एक प्रश्न विचारा : न लावता किती वेळात थांबले असते?