शिट्टी ऐकू का येईना?

पनवेलजवळच्या विचुंबे गावी राहावयास आलो, त्या पहिल्या रात्री मालगाडीच्या शिट्टीने मी दोनदा दचकून उठलो. महिनाभरात ती शिट्टी ऐकू येईनाशी झाली. गाडी तीच, आवाजही तेवढाच. बदलला होता तो माझा मेंदू.

एक प्रयोग करून पाहा. तीन पातेली घ्या. एकात हाताला सोसेल इतपत गरम पाणी, दुसऱ्यात माठातले गार, मधल्या पातेल्यात साधे. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर बुडवा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घाला. एका हाताला तेच पाणी गार लागेल, दुसऱ्याला कोमट! आपली त्वचा तापमापकासारखी नाही. ज्याची सवय झाली, त्याहून किती फरक पडला एवढेच ती मुख्यतः कळवते.

आनंदाचेही पुष्कळसे असेच असते. बारावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, हवे तेवढे मार्क मिळाले, पण आनंद चारच दिवस टिकला. माझे काही बिघडले आहे का?" बिघडले काहीच नव्हते. त्याचा हात गरम पाण्याला सरावला होता, इतकेच.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिचे तिकीट खिशात ठेवून जन्मभराच्या सुखाचे मनोरे रचणारे तुमच्याही ओळखीचे असतील. अमेरिकेत ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अशाच लॉटरीच्या २२ विजेत्यांची पाहणी प्रसिद्ध केली. विजेते शेजाऱ्यापाजाऱ्यांहून फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद यांतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. याच पाहणीत अपघाताने अपंग झालेली माणसेही होती. तीही इतरांइतकीच सुखी होती असे कुठे कुठे छापून येते, ते खरे नाही. ती कमी सुखी होती, मात्र आपण समजतो तितकी दुःखी नव्हती.

पण २२ माणसे म्हणजे फार थोडी. स्वीडनमधील हजारो लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या बक्षिसानंतर आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांहूनही अधिक टिकलेले दिसले. रोजच्या आनंदात पडलेला फरक मात्र बराच लहान होता. समाधान आणि आनंद या दोन वेगळ्या राशी आहेत, बरे का! वेग आणि त्वरण यांची गल्लत करणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावे.

मग सरावावर उपाय? नेल्सन आणि मेविस यांनी २००८ साली दाखवून दिले की, आवडते संगीत मध्ये थोडे थांबवून पुन्हा लावले, तर ते सलग ऐकण्यापेक्षा अधिक आवडते. लोकांना विचारले असता मात्र बहुतेकांना खंड नकोसाच वाटला होता!

गेल्या मे महिन्यात तीन आठवडे मी कोकणात होतो. परतलो त्या रात्री शिट्टी पुन्हा स्पष्ट ऐकू आली. या वेळी मी दचकलो नाही. कूस बदलून गाडी दूर जाईपर्यंत ऐकत राहिलो.