घशाला मुलेठी, हाताला साबण

रमजानचा पहिला आठवडा संपत आला की मोहल्ल्यात एक वाक्य हमखास कानावर पडते, "गला बैठ गया." तरावीहमध्ये रोज पारा-सव्वा पारा मोठ्याने पढणारे हाफिजसाहेब असोत, पहिला रोजा ठेवणारी शाळकरी मुले असोत की धुरापुढे उभी राहून भजी-समोसे तळणारी घरातली बाई असो, घसा कुणाचा ना कुणाचा धरलेला असतोच. मग इफ्तारनंतर उपायांचा डबा उघडतो. मुलेठीची काडी निघते, जोशांदा उकळतो, शेजारच्या काकू हळदीचे दूध पाठवतात.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. कोकणात याच दिवसांत काजू निघतो, पहिला आंबा उतरतो, रानात खाजकुइलीच्या शेंगा वाळून तडकायला आलेल्या असतात. महिना संपताना चाँदरातीची मेंदी लागते. म्हणजे घशाच्या तक्रारींचा हंगाम आणि झाडापाल्याने अंगावर उठणाऱ्या खाजेचा, फोडांचा हंगाम एकच. दोन्ही दुखण्यांवर आपण हात घालतो तो त्याच डब्यात. घशाला त्यातून बहुधा आराम मिळतो. कातडीचे दुखणे मात्र अनेकदा त्यानेच वाढते. कोणता उपाय कुठवर चालतो, ही हद्द आपल्या आजी-नानींना बरीच ठाऊक होती. आपण उपाय लक्षात ठेवले आणि हद्द विसरलो.

घसा का धरतो?

साधारण 13 तास पाण्याविना गेले की घशातला ओलावा कमी होतो. त्यात इफ्तारला तळण आणि बर्फाचे सरबत एकापाठोपाठ पोटात जाते. रात्री तरावीहमध्ये हाफिजांना आणि दिवसभर वर्गात आम्हा शिक्षकांना आवाज लावावा लागतो. आणखी एक कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. भरपेट सहरी करून, फजर पढून आपण लगेच आडवे होतो. पोटातले आम्ल वर घशापर्यंत येते. उठल्यावर आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखे आणि तोंडात आंबट चव, असे असेल तर कितीही जोशांदा प्यायला तरी उपयोग नाही. सहरीत तेलकट कमी करावे, खाणे आणि झोपणे यांत अंतर ठेवावे, डोक्याकडची बाजू थोडी उंच घ्यावी.

राहिला सर्दीबरोबर येणारा घसा. तो बहुतेक वेळा विषाणूमुळे दुखतो आणि आठवडाभरात आपोआप बरा होतो. अँटिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. मागच्या आजारातल्या उरलेल्या चार गोळ्या कपाटातून काढून घेणे हा घरगुती उपाय नव्हे, ती घरगुती चूक आहे.

डब्यातले काय उपयोगी?

सर्वांत स्वस्त उपाय मिठाच्या गुळण्यांचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ पुरे. रोजात असताना वजूसाठी चूळ भरता येते, पण पाणी खोलवर नेऊ नये अशी ताकीद आहे. म्हणून घशात घुळघुळ करून करायच्या गुळण्या इफ्तार ते सहरी या वेळेतच कराव्यात. निजण्यापूर्वी एकदा आणि सहरीच्या आधी एकदा केल्या तर दिवस सुसह्य जातो.

मुलेठी म्हणजे मराठीतले ज्येष्ठमध. युनानी हकीम तिलाच असलुस्सूस म्हणतात. चघळल्यावर लाळ सुटते, घसा ओला राहतो, खवखव कमी होते. हाफिज मंडळींच्या खिशात तिचे तुकडे असतात ते यासाठीच. पण गोड लागते म्हणून महिनाभर रोज मुठीने खाण्याची ही वस्तू नाही. तिच्यातल्या ग्लिसिरायझिन नावाच्या घटकाने अंगात पाणी-मीठ साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. रक्तदाबाचे किंवा हृदयाचे रुग्ण, लघवी होण्याच्या गोळ्या घेणारे आणि गरोदर बाया यांनी ती टाळलेली बरी.

जोशांद्याच्या पुडीतली नावे फारसी-अरबी असली तरी त्यातल्या कित्येक वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत. सपिस्तां म्हणजे भोकर, ज्याचे लोणचे आपण घालतो. उन्नाब हा बोराचाच भाऊ. बनफ्शाची फुले मात्र थंड डोंगराळ मुलखातून येतात. भोकर चिकट असते आणि तो चिकटपणाच कामाला येतो. सोललेल्या घशावर त्याचा पातळ थर बसतो आणि गिळताना टोचत नाही. काळ्या तुतीचे सरबत, शरबत तूत स्याह, हेही युनानी दवाखान्यांतले घशाचे जुने औषध. त्यात साखर भरपूर असते, हे मधुमेह असलेल्यांनी विसरू नये.

मधाबद्दल आपल्या मनात वेगळाच आदर आहे. कुरआनातल्या एका सूरहचे नावच नहल, म्हणजे मधमाशी आहे. खोकल्याची ढास मधाने कमी होते, याला आजचे डॉक्टरही दुजोरा देतात. हद्द एकच, पण पक्की आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या एका जंतूचे बीज मोठ्यांना पचते, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते विष तयार करते.

मुलांचा घसा वेगळा

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. दर तीन आठवड्यांनी एक दिवस ती गैरहजर असायची. विचारले तेव्हा कळले की पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला जाते. लहानपणी घसा वारंवार सुजायचा, ताप यायचा. घरात प्रेमाने हळद-दूध दिले जायचे आणि चार दिवसांत ताप उतरायचा. पुढे सांधे सुजले, धाप लागू लागली, तेव्हा हृदयाच्या झडपेला इजा झाल्याचे निदान झाले.

घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे हे होते. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना याचा धोका अधिक. घसा बरा होतो, पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाला धरतो. वेळेवर पुरे दिवस औषध घेतले तर हे टाळता येते. म्हणून मुलाचा घसा खूप दुखतो आहे, ताप आहे, मानेला गाठी आल्या आहेत, टॉन्सिलवर पांढरे डाग दिसतात आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असे असेल तर काढा नंतर, डॉक्टर आधी. कोणत्याही वयात तोंड उघडता येत नसेल, लाळ गिळता येत नसेल किंवा श्वासाला आवाज येत असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर घसा तपासून घ्यावा.

अळूपासून बिब्ब्यापर्यंत

घसा आणि झाडपाला यांचे नाते स्वयंपाकघरातच सुरू होते. अळू किंवा सुरण नीट शिजले नाही की घसा खाजतो. ती ॲलर्जी नव्हे. या भाज्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते टोचतात. चिंच किंवा कोकम घालून भरपूर शिजवायचे, हा आपल्या बायांचा शोध. सुरण चिरताना हाताला तेल लावायचे, हाही त्यांचाच.

बिब्ब्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. धोबी कपड्यांवर खुणा करायचे तो हाच. उर्दूत भिलावां, हकिमांच्या भाषेत बलादुर. खोकल्यावर बिब्बा तापवून त्याच्या तेलाचे थेंब दुधात पाडून देण्याची रीत आपल्या खेड्यांत होती, अजूनही कुठे कुठे आहे. वैद्य आणि हकीम तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. नवव्या शतकात बगदादमध्ये 'फुतूहुल बुलदान' लिहिणारा इतिहासकार अल-बलाझुरी याचे नाव या बलादुरवरूनच पडले. स्मरणशक्ती वाढावी म्हणून बलादुर घेतला आणि बुद्धी गेली, असे जुने चरित्रकार सांगतात. कुणी ते त्याच्याबद्दल सांगतात, कुणी त्याच्या आजोबांबद्दल. घरी बिब्बा तापवणाऱ्यांना एवढी गोष्ट पुरे.

बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे. बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक यांत एकमेकांशी मिळतीजुळती दाहक द्रव्ये असतात. एकाने ज्याची कातडी बिघडते त्याला दुसऱ्यानेही त्रास होऊ शकतो. बिब्बा उतला की कातडी लाल होते, सुजते, पाण्याने भरलेले फोड येतात. हे लगेच न होता एक-दोन दिवसांनीही होते, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

इथे पहिला उपाय डब्यात नाही, मोरीत आहे. साबण आणि भरपूर पाणी. तेल किंवा चीक अंगावर जितका कमी वेळ राहील तितके बरे. नखांखालीही धुवावे, अंगातले कपडे बदलावेत. नंतर थंड पाण्याची ओली घडी ठेवावी, कॅलामाइन लावावे, फोड फोडू नयेत. चुना, लिंबू, टूथपेस्ट, लसणाचा लगदा यातले काहीही लावू नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर नवेच चट्टे उठतात. काजू सोलणाऱ्या बाया हाताला आधी तेल किंवा राख चोळतात. तो बचाव आहे, उठलेल्या फोडांवरचा इलाज नाही.

खाजकुइली लागली तर चोळायचे नाही, लगेच पाणीही ओतायचे नाही. तिच्या शेंगेवरची लव कातडीत रुतते आणि चोळल्याने पसरते. चिकटपट्टी किंवा मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचलावा, लव निघते. मग धुवावे. शेण लावण्याची जुनी रीत याच तत्त्वाची, पण ओरखडलेल्या कातडीला शेणातून धनुर्वाताचा धोका असतो. कणिक घरात असताना तो कशाला पत्करायचा?

ईदगाह आणि मेंदी

ईदच्या आधी आपली तरुण मुले ईदगाह आणि कब्रस्तान साफ करतात. काम सवाबाचे, पण तिथे वाढलेले गाजरगवत उघड्या हातांनी उपटले जाते. परदेशी गव्हाबरोबर 1950च्या दशकात हे गवत आपल्याकडे आले असे मानतात आणि सुरुवातीची नोंद पुण्याची आहे. त्याचे कण हवेतून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळग्यांत बसतात. ज्याची कातडी एकदा त्याला चिडली, त्याला वर्षानुवर्षे त्रास राहतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल आणि काम झाल्यावर आंघोळ, एवढे पाळावे.

चाँदरातीला सावध राहायचे ते काळ्या मेंदीपासून. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस चढतो आणि त्याला काही तास लागतात. तासाभरात कुळकुळीत काळी होणारी मेंदी म्हणजे तिच्यात केस काळे करायचे रसायन, पीपीडी, मिसळलेले. त्याने नक्षीच्या रेघांवरच फोड उठतात, कधी डाग राहतात. आणि एकदा अंगाने हे रसायन ओळखले की पुढे आयुष्यभर केसांच्या रंगानेही तोच त्रास होतो. लहान मुलींच्या हातावर ही मेंदी अजिबात लावू देऊ नका. आदल्या दिवशी घरी भिजवलेली साधी मेंदी ईदच्या सकाळी छान रंगते.

रोजा आणि इलाज

पुरळ अंगभर पसरले, डोळे सुजले, ताप आला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ओळखीच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे मलम स्वतःहून लावू नये. काही खाल्ल्यावर किंवा लागल्यावर ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, दम लागणे, चक्कर येणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. 108ला फोन लावावा, मगरिबची अजान होण्याची वाट पाहू नये.

रोजा मोडेल म्हणून औषध टाळणारी माणसे प्रत्येक घरात असतात, बहुधा घरातली सर्वांत थोरली. त्यांना समजावताना आपला आवाज कमी पडतो, म्हणून कुरआनच पुढे करावे. ज्या सूरह बकरामध्ये रोजांचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाने आणि प्रवाशाने ते दिवस नंतर भरून काढावेत अशी सवलत आहे. हदीसमध्येही इलाज करा असेच सांगितले आहे, आजार लपवा असे नाही. अम्मी-अब्बांच्या रक्तदाबाच्या, दम्याच्या औषधांच्या वेळा आजच डॉक्टरांना विचारून सहरी-इफ्तारला बसवून घ्या. आणि डब्यातल्या मुलेठीच्या पुडीवर, मधाच्या बाटलीवर कुणाला द्यायचे नाही तेही एका ओळीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी डबा दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, तेव्हा ती ओळ त्याच्या कामी येईल.