दोन बोटी, एकच बजेट: कुठली घेऊ?

गेल्या व्हिडिओनंतर देवबागच्या एका होमस्टेवाल्या मित्राचा फोन आला. "सर, दोन बोटी बघितल्यात. दोन्ही 18 फुटी, फायबरच्या, किंमत जवळपास सारखीच. कुठली घेऊ?" घरचं सोनं गहाण ठेवून पैसे उभे केले होते. मनातून मात्र त्याने देखणी, वेगवान बोट कधीच पक्की केली होती.

मी म्हटलं, थांब. आधी वही काढ.

पहिला प्रश्न: बोट कुठल्या पाण्यात चालणार? त्या वेगवान बोटीचा तळ खोल व्ही आकाराचा होता. असा तळ लाटा छान कापतो, पण थांबलेली बोट जास्त डुलते. दुसरीचा तळ चपटा. ती खाडीत स्थिर राहते, पण समुद्रात लाटांवर आपटते. याचे पाहुणे कोण? आजी-आजोबा, लहान मुलं. फेरी कुठली? कर्ली खाडी आणि संगम. उत्तर इथेच अर्धं मिळालं.

दुसरा: इंजिन किती पिणार? ढोबळ हिशोब असा, की पेट्रोल आउटबोर्ड फुल थ्रॉटलला एका एचपीमागे तासाला साधारण 0.38 लिटर पेट्रोल खातं. म्हणजे 40 एचपीला 15 लिटर, 60 एचपीला जवळपास 23. पण गंमत बघा, भरलेल्या बोटीला 40 एचपी कमी पडलं तर ते सतत फुल थ्रॉटलवर पळवावं लागतं आणि बचत तिथेच संपते. म्हणून ट्रायल रिकाम्या बोटीत घेऊ नका. जितके प्रवासी नेणार, तितकी माणसं बसवून घ्या.

तिसरा: प्रमाणपत्रावर किती प्रवासी? सीट मोजून धंद्याचं गणित मांडू नका. परवान्यावर जितका आकडा, तितकीच तिकिटं आणि तितकीच लाइफ जॅकेट. एक जास्तीचा माणूस म्हणजे कोणाच्या तरी घरचा जीव.

चौथा: बंद पडली तर? इंजिनाचे पार्ट आणि मेकॅनिक मालवणात मिळतो की मुंबईहून बोलवावा लागतो? ऐन दिवाळीत चार दिवस बोट उभी राहिली, तर खरेदीत वाचवलेले पैसे तिथेच गेले. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्याने इंजिन फ्लश करायला माणूस आहे का, तेही बघा.

आणि शेवटचं: पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर, हप्ता मात्र बाराही महिने. वर्षाचा हप्ता आठ महिन्यांच्या कमाईत बसवून बघा.

मित्राने चपट्या तळाची बोट घेतली. दुसरीला दिलेलं टोकन बुडालं. वाईट वाटलं त्याला, पण सोनं तरी सोडवता येईल असा हिशोब जमला.

तुम्ही बोट घेणार नसाल. ओव्हन असेल, टेम्पो असेल, शिलाई मशीन असेल. टोकन द्यायच्या आधी हेच प्रश्न वहीत लिहा. आधी गिऱ्हाईक बघा, मग वस्तू.