मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधला काळ

माणूस मेला की त्याचा आत्मा आपल्या कर्माप्रमाणे स्वर्गात किंवा नरकात जातो आणि तेथे कायमचा राहतो, अशी ख्रिस्ती श्रद्धेविषयीची जी समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि जी बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांतही तशीच चालत आलेली आहे, ती खोटी नसली तरी अपुरी आहे. ख्रिस्ती उपासनेत शतकानुशतके म्हटल्या जाणाऱ्या 'प्रेषितांचा मतांगीकार' या श्रद्धेच्या संक्षिप्त कबुलीत आत्म्याच्या अमरत्वाचा शब्दानेही उल्लेख नाही. तिच्या शेवटी येतात ते शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. म्हणजे मृत माणूस जगाच्या अंती देहासह पुन्हा उठवला जाईल, ही ख्रिस्ती आशेची मूळ बाजू असून आत्म्याने स्वर्गात जाणे ही तिच्या आधीची, तात्पुरती अवस्था होय. मरण आणि हे उठणे यांच्या मधल्या काळात मृताचे काय होते, या एका प्रश्नाभोवती चर्चचे बहुतेक मरणोत्तर सिद्धांत घडले आणि पंथापंथांतले मोठे वादही तेथेच पेटले.

पुनरुत्थानाची कल्पना ख्रिस्ती धर्माला यहुदी परंपरेकडून मिळाली, परंतु त्या परंपरेतही ती पहिल्यापासून नव्हती. जुन्या कराराच्या प्राचीन भागांत सज्जन आणि दुर्जन असे सर्वच मृत 'शिओल' नावाच्या अधोलोकात जातात, जेथे बक्षीस नाही, शिक्षा नाही आणि देवाची स्तुतीही नाही. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सीरियातील ग्रीक राजवटीने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि धर्मशास्त्र पाळणारेच मारले जाऊ लागले, तेव्हा ज्यांनी देवासाठी प्राण दिले त्यांना देव न्याय कधी देणार, हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील सात हुतात्मा भावांच्या कथेत मृत पुन्हा उठतील हे स्पष्टपणे सांगितले आहे, ते याच पार्श्वभूमीवर. येशूच्या काळी परूशी हा पंथ पुनरुत्थान मानत असे, तर यरुशलेमच्या मंदिराशी निगडित असलेला सदूकी पंथ ते मानत नसे. एका स्त्रीने नियमशास्त्राप्रमाणे एकामागून एक सात भावांशी लग्न केले तर पुनरुत्थानानंतर ती कोणाची बायको, असा तिरकस प्रश्न सदूकींनी येशूला विचारला तो हा विचार हास्यास्पद ठरवण्यासाठीच. आणि येशूच्या उत्तराचा आशय असा की, ते जीवन म्हणजे या जीवनाची पुढे ओढलेली आवृत्ती नव्हे, तेथे लग्नसंबंध नाहीत.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळीने यात जी भर घातली ती अशी की, जगाच्या अंती घडायचे ते एका माणसाच्या बाबतीत, येशूच्या बाबतीत, आधीच घडून गेले आहे. इ.स. 50 च्या सुमारास थेस्सलनीकाकरांस आणि त्यानंतर काही वर्षांनी करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत प्रेषित पौलाने सगळा युक्तिवाद याच पायावर उभारला आहे. उठवलेला देह कसा असेल या प्रश्नाला त्याने बी आणि रोप यांचा दृष्टांत देऊन उत्तर दिले: पेरतो ते बी आणि उगवते ते रोप यांत सातत्य आहे, पण सारखेपणा नाही. त्यामुळे ख्रिस्ती अर्थाने पुनरुत्थान म्हणजे प्रेतात पुन्हा प्राण येणे नव्हे. येशूने जिवंत केलेला बेथानी गावचा लाजर कबरेतून बाहेर आला, तरी तो पुन्हा केव्हातरी मरणार होताच. पौल ज्याविषयी बोलतो तो देह मरणाच्या कक्षेबाहेरचा आहे. देहावरचा हा भर इतका खोल होता की संत ऑगस्टीनने आपल्या 'देवाची नगरी' या ग्रंथाच्या अखेरच्या खंडात, नरभक्षकाने खाल्लेल्या माणसाचे मांस पुनरुत्थानाच्या वेळी नेमके कोणाचे मानायचे, या प्रश्नाचाही गंभीरपणे ऊहापोह केला आहे. आजच्या वाचकाला तो विचित्र वाटेल. पण देह ही टाकून द्यायची वस्तू नाही असे एकदा ठरवले की असे प्रश्न अंगावर येणारच.

अडचण निर्माण झाली ती वेळेची. आरंभीच्या मंडळीला ख्रिस्ताचे पुनरागमन आपल्या हयातीतच होईल असे वाटत होते; ते लांबले, विश्वासणारे मरत गेले, आणि ते आता कोठे आहेत हे सांगणे भाग पडले. नव्या करारात या संदर्भात दोन सूर ऐकू येतात. एका सुरात मृत 'झोपी गेलेले' आहेत आणि तुतारी वाजल्यावर ते जागे होतील. दुसऱ्या सुरात मरणाबरोबरच ख्रिस्ताची सोबत मिळते, जसे लूकच्या शुभवर्तमानात शेजारच्या वधस्तंभावरील गुन्हेगाराला येशूने त्याच दिवशी सुखलोकात येण्याचे आश्वासन दिले. मृत्यूनंतर माणूस पुनरुत्थानापर्यंत पूर्णपणे अचेतन असतो असे मानणारा सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ या वचनातील स्वल्पविराम 'आज' या शब्दानंतर टाकतो, म्हणजे आश्वासन आज दिले, सुखलोक मात्र पुढे केव्हातरी; आणि मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे नसल्यामुळे केवळ व्याकरणाच्या बळावर हा वाद मिटवता येत नाही. बहुसंख्य चर्चनी दोन्ही सूर जोडून घेतले: आत्मा तत्काळ देवासमोर जातो आणि देह नंतर उठवला जातो. ही जोडणी करताना प्लेटोच्या अमर आत्म्याच्या सिद्धांताची मदत झाली, परंतु त्या मदतीची किंमत अशी पडली की लोकमानसात आत्माच सर्वस्व होऊन बसला. ऑस्कर कुलमान या प्रॉटेस्टंट अभ्यासकाने 1955 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात सॉक्रेटीसचे शांत मरण आणि गेथशेमाने बागेत मरणाच्या भयाने व्याकूळ झालेला येशू यांची तुलना केली, ती ग्रीक आणि ख्रिस्ती दृष्टींतील हा फरक दाखवण्यासाठीच: पहिल्याला मरण ही सुटका आहे, दुसऱ्याला तो शत्रू आहे.

जोडणी झाली तरी प्रश्न संपला नाही, हे चौदाव्या शतकातील एका विलक्षण प्रकरणावरून दिसते. तेव्हा पोपचे आसन रोममध्ये नसून फ्रान्सच्या दक्षिणेकडील अविन्यों येथे होते. तेथे 1 नोव्हेंबर 1331 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनात असे मत मांडले की, संतांच्या आत्म्यांनाही देवाचे प्रत्यक्ष दर्शन अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत मिळत नाही. तर्क म्हणून पाहिले तर त्यात मोठी चूक काढता येत नाही: देहाशिवाय माणूस अपूर्ण असेल तर त्याचे सुखही तोवर अपूर्णच असायला हवे. पण ज्या चर्चमध्ये लोक रोज संतांची मध्यस्थी मागत होते, तेथे संत अजून देवाच्या दर्शनाची वाट पाहत आहेत हे ऐकून खळबळ उडाली. फ्रान्सच्या राजाने 1333 मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांना बोलावून या मताविरुद्ध कौल घेतला आणि पोपने अखेर डिसेंबर 1334 मध्ये मृत्युशय्येवर, कार्डिनलांसमक्ष, आपले मत मागे घेतले. त्यांचे वारस बेनेडिक्ट बारावे यांनी 29 जानेवारी 1336 रोजी काढलेल्या फर्मानाने निर्णय दिला की शुद्ध आत्मे मृत्यूनंतर, देहाची वाट न पाहता, देवाला समोरासमोर पाहतात. तेव्हापासून कॅथलिक शिकवणीत दोन न्याय स्पष्टपणे वेगळे धरले जातात: प्रत्येकाचा मरणक्षणीचा व्यक्तिगत न्याय, आणि सर्वांचा मिळून जगाच्या अंतीचा अंतिम न्याय.

या फर्मानातील 'शुद्ध' ही अट महत्त्वाची आहे, कारण जे देवाच्या कृपेत मेले पण पूर्ण शुद्ध नव्हते, त्यांच्यासाठी पर्गेटरी म्हणजे शुद्धीकरणाची अवस्था कॅथलिक परंपरेने मानली. मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत फार जुनी आहे; इ.स. 387 मध्ये इटलीतील ओस्तिया येथे मरणपंथाला लागलेल्या मोनिकाने, म्हणजे ऑगस्टीनच्या आईने, आपला देह कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण ठेवा, एवढीच मागणी मुलांकडे केली होती. मात्र पर्गेटरी हे नाम आणि तिचा एका स्वतंत्र स्थानासारखा ठसठशीत नकाशा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला, असे फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात मांडले. ल्यों (1274), फ्लोरेन्स (1439) आणि ट्रेंट (1563) येथील धर्मपरिषदांनी हा सिद्धांत अधिकृत केला, तरी तेथे आग असते की नाही, किती काळ राहावे लागते, याविषयी त्या परिषदांनी बंधनकारक असे काही म्हटले नाही. आगीची आणि वर्षांच्या हिशेबाची सगळी चित्रे प्रवचनकारांची व चित्रकारांची. वर्षांचा हिशेब आला तसा पैशांचाही आला, आणि पापदंडातून सूट देणाऱ्या पत्रांचा व्यवहार जर्मनीत उघडपणे चालू लागल्यावर 1517 मध्ये मार्टिन लूथरने आपली 95 विधाने मांडली.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी पुढे पर्गेटरी पूर्णपणे नाकारली, कारण ख्रिस्ताच्या बलिदानाने पापक्षमा पूर्ण झाली असेल तर मृताला आणखी काही फेडायचे उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कॅथलिक पक्षाचा एक प्रमुख आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात होता. तेथे युद्धात पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात आणि त्या मृतांच्या पापासाठी त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून यरुशलेमला अर्पण पाठवतो; परंतु हे पुस्तकच प्रमाण बायबलचा भाग नाही, अशी भूमिका सुधारकांनी घेतल्यामुळे वाद सिद्धांतावरून ग्रंथप्रामाण्यावर गेला. मधल्या काळाविषयी स्वतः सुधारकांतही एकवाक्यता नव्हती: लूथर मरणाला अनेकदा गाढ निद्रा म्हणत असे, तर तरुण कॅल्व्हिनने आत्मा झोपतो या मताच्या खंडनासाठी 1534 मध्येच एक ग्रंथ लिहिला होता. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने तिसराच मार्ग धरला. ते पर्गेटरी मानत नाही, पण मृतांसाठी तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी प्रार्थना मात्र आवर्जून करते, आणि त्या प्रार्थनेने नेमके काय घडते याची व्याख्या करण्याचा आग्रह धरत नाही. तिन्ही भूमिकांत हीच अधिक समंजस वाटते.

नरकाविषयीची येशूची भाषा 'गेहेन्ना' या नावाभोवती फिरते, आणि हे मुळात यरुशलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव आहे, जेथे जुन्या काळी मुलांचे अग्नीत बळी दिले गेल्याचा निषेध संदेष्ट्यांनी केला होता. सर्वांचा, अगदी सैतानाचाही, शेवटी उद्धार होईल अशी आशा तिसऱ्या शतकात ऑरिजन या धर्मपंडिताने मांडली. पुढे 553 मध्ये त्याच्या नावावरील मतांचा कॉन्स्टंटिनोपल येथे धिक्कार झाला, तरी ती आशा अधूनमधून डोके वर काढतच राहिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1999 च्या उन्हाळ्यातील प्रवचनांत स्वर्ग आणि नरक या भौगोलिक जागा नसून देवाशी असलेल्या किंवा तुटलेल्या नात्याच्या अवस्था आहेत, असे स्पष्ट केले. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या, पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणाऱ्या माणसाला तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये मान्य केले. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांसाठी मध्ययुगात कल्पिलेल्या 'लिंबो' या अवस्थेला, ती अधिकृत सिद्धांत कधीच नसल्याचे सांगून, व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने 2007 मध्ये जवळजवळ निरोप दिला. पुनर्जन्माला मात्र कोणत्याही मुख्य पंथात जागा नाही. माणसाने एकदाच मरावे आणि नंतर न्याय व्हावा, हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील मत सर्वांना प्रमाण आहे, आणि देहासह उठायचे तर तो देह एकाच जन्माचा असला पाहिजे हेही उघड आहे.

वसई, मुंबई आणि गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांत या सिद्धांतांची रूपे अजून पाहायला मिळतात: सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा म्हणजे मृतासाठीची उपासना, तसेच 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी दफनभूमीत कबरींवरचे गवत काढणे, क्रूस धुणे, झेंडूच्या माळा घालून मेणबत्त्या लावणे. बाहेरून पाहणाऱ्याला यात श्राद्धाचे साम्य दिसते आणि पूर्वजांच्या ऋणाची जाणीव दोन्हीकडे समानच आहे. पण येथे मृताला अन्न पोहोचवायचे नसून त्याच्यासाठी देवाकडे मागायचे असते. दफनाचा आग्रहही पुनरुत्थानावरील श्रद्धेतून आलेला आहे. मात्र दहनाने देवाचे सामर्थ्य अडते असे चर्चने कधी मानले नाही. 1886 मध्ये रोमने दहनावर बंदी घातली, ती युरोपात काही जण पुनरुत्थानाच्या नकाराचे प्रतीक म्हणून दहनाचा प्रचार करत होते म्हणून, आणि 1963 मध्ये ती शिथिलही केली. मुंबईत कबरीची जागा काही वर्षांनी दुसऱ्यासाठी लागते, अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात, त्यामुळे तेथे हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहिलेला नाही. व्हॅटिकनने 2016 मध्ये कॅथलिकांना बजावले की, दहन केले तरी राख हवेत, पाण्यात किंवा जमिनीवर विखरू नये, घरात ठेवू नये, ती पवित्र जागी एकत्र ठेवावी. आणि डिसेंबर 2023 मध्ये त्यात एवढी सवलत दिली की, स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या विचाराने राखेचा अगदी लहानसा भाग मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या ठरलेल्या ठिकाणी ठेवता येईल.