जमिनीखालचे राज्य खरे वाटावे म्हणून

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली आला. त्यातली सुरुवातीची तळघरे साधी असत: दार उघडा, राक्षसाशी लढा, खजिना उचला, पुढच्या खोलीत जा. १९७८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी 'डिसेंट इनटू द डेप्थ्स ऑफ द अर्थ' आणि तिच्या पुढच्या साहसपुस्तिकांतून जमिनीखाली मैलोन्‌मैल पसरलेला मुलूख उभा केला. त्यात हमरस्ते होते, आडवाटा होत्या, आणि शेवटी ड्राउ या जमिनीखालच्या एल्फ लोकांचे शहर होते. १९८६ च्या 'डन्जनियर्स सर्व्हायव्हल गाइड'मध्ये या मुलखाला 'अंडरडार्क' हे नाव मिळाले.

खेळाडू अशा मुलखात अनेक सत्रे मुक्काम करणार असतील, तर खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला आधी पोटापाण्याचा विचार करावा लागतो. तिथले लोक श्वास कसा घेतात, खातात काय, पाणी कुठून आणतात, हे पक्के झाले की सत्ता, वैर आणि साहस त्यातूनच निघते. यातली बहुतेक उत्तरे खऱ्या गुहांमध्ये सापडतात.

आधी खडक ठरवा

गुहेचा आकार खडकावर ठरतो. चुनखडीत पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी झिरपते, खडक विरघळवते, आणि लाखो वर्षांत वळणावळणाची भुयारे, प्रशस्त दालने आणि लवणस्तंभ तयार होतात. अमेरिकेतल्या मॅमथ केव्हची अशी ६५० किलोमीटरहून अधिक भुयारे आजवर मोजून झाली आहेत. लाव्हाचे बोगदे वेगळे. प्रवाहाचा वरचा थर थिजतो, आतला लाव्हा वाहून जातो आणि मागे लांबलचक पोकळी उरते.

सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये चुनखडीसारखी विरघळून झालेली दालने मिळत नाहीत. अजिंठा-वेरूळची लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली. वेरूळचे कैलास लेणे तर शिखराकडून पायाकडे कोरत नेले. तुमचे राज्य अशा काळ्या कातळात असेल, तर प्रत्येक दालनासाठी कुणीतरी खपलेले आहे. ते कोण होते आणि कुणाच्या हुकमाने राबले, इथून त्या राज्याचा इतिहास लिहायला घ्यावा.

हवा आणि पाणी

दक्षिण डाकोटातल्या विंड केव्हच्या तोंडातून वारा कधी आत ओढला जातो, कधी बाहेर फेकला जातो. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की त्याची दिशा बदलते. जमिनीखालच्या लोकांना वरचे वादळ असे न पाहता कळू शकते.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. म्हणूनच जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची रीत आहे. खेळात हाच धोका दाखवायचा असेल, तर उतारावर आधी बुटका गॉब्लिन गुदमरू द्या. उंच योद्ध्याला अजून काहीच जाणवलेले नसेल. काय घडते आहे, हे खेळाडू स्वतः ताडतील.

पाण्याचा धोका थायलंडच्या थाम लुआंग गुहेने २०१८ मध्ये जगाला दाखवला. बाहेर पाऊस पडला, आत पाणी भरले, आणि फुटबॉल संघातली १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक अडकून पडले. खाली राहणाऱ्यांनाही वरचे ऋतू चुकत नाहीत. त्यांचे पंचांग पुराच्या पाण्यावर बेतलेले असू द्या.

अन्न कुठून येते?

सर्वाधिक चुका इथे होतात. अळिंबीची अरण्ये दाखवली की अन्नाचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. पण अळिंबी स्वतःचे अन्न तयार करत नाही. तिला कुजणारे लाकूड, पाने, विष्ठा असे काहीतरी लागते. ते आत येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत: नदीने वाहून आणलेला गाळ आणि ओंडके, किंवा वटवाघळांची विष्ठा. नदी जिथे आत शिरते ती जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सगळ्यांचे जेवण.

तिसरी वाट रोमानियातल्या मोव्हिले गुहेत आहे. ही गुहा १९८६ मध्ये खोदकाम करताना सापडली. सुमारे ५५ लाख वर्षे ती बाहेरच्या जगापासून तुटलेली होती. आतल्या हवेत ऑक्सिजन बाहेरच्या निम्म्याहून कमी आहे आणि पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आहे. जिवाणू या रसायनांपासून ऊर्जा मिळवून पाण्यावर साय धरतात. ती साय खाणारे किडे, त्यांना खाणारे कोळी आणि गोमा अशी अख्खी अन्नसाखळी तिथे सूर्याच्या उजेडाविना चालते. तुमच्या राज्यात अशी गंधकाची तळी असली तर तीच शेती, आणि तिच्या काठावर राहणाऱ्यांच्या अंगाला सडक्या अंड्याचा वास.

उजेड आणि उष्णता

भागवतात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ असे सात अधोलोक सांगितले आहेत. तिथे सूर्य पोहोचत नाही; नागांच्या फण्यांवरचे मणी अंधार घालवतात. सुतलात बळीचे राज्य आहे. उजेड कशाचा आणि कुठल्या थरावर सत्ता कुणाची, हे दोन्ही तिथे ठरलेले आहे. तुमच्या नकाशातही ते तितकेच स्पष्ट हवे.

खेळाच्या २०१४ च्या नियमांनुसार अंधारात पाहू शकणाऱ्या पात्रांनाही गडद अंधारात रंग दिसत नाहीत, फक्त करड्या छटा दिसतात. मग अशा लोकांच्या भिंतींवर रंगीत चित्रे कशाला असतील? तिथे खोल कोरीवकाम हवे, बोटांनी वाचता येणारे. रंगीत वस्त्र तिथे परदेशी माणसाची खूण ठरेल.

खोल गेले की थंडावा, हा समज उथळ गुहांपुरता ठीक आहे. साधारणपणे दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. मेक्सिकोतल्या नाइका खाणीतली स्फटिकांची गुहा सुमारे ३०० मीटर खोल आहे, पण खालच्या तप्त शिलारसामुळे खाण चालू असताना तिथले तापमान ५८ अंशांपर्यंत जात असे. मीटर-मीटर लांबीचे जिप्समचे स्फटिक डोळ्यांसमोर असत, आणि संरक्षक पोशाखाशिवाय माणूस तिथे काही मिनिटेच टिकत असे. खजिन्याला पहारेकरी हवाच असे नाही.

माणसांनी वसवलेले: देरिनकुयू

तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियात ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ खडक आहे. तो कोरून लोकांनी देरिनकुयू हे सुमारे ८५ मीटर खोल शहर वसवले. तबेले, द्राक्षे तुडवण्याच्या जागा, प्रार्थनागृह, कोठारे आणि हवेसाठी उभ्या विहिरी, असे सारे त्यात आहे. तबेले वरच्या भागात आहेत, कारण जनावरांना खोल उतरवणे अवघड.

तिथले दार नीट पाहावे. जात्याच्या तळीसारखा गोल, अजस्र दगड भिंतीतल्या खाचेतून घरंगळत वाटेवर येतो. तो आतल्या बाजूनेच हलवता येतो. मधल्या भोकातून बाहेरच्यावर नजर ठेवता येते, भालाही खुपसता येतो. वाटा इतक्या अरुंद की शत्रूला एकामागोमाग एकच यावे लागते. लढाईचा असा प्रसंग हल्लेखोर म्हणून आणि बचाव करणारे म्हणून, दोन्ही बाजूंनी खेळवून पाहावा.

एक नमुना

समजा, बेसॉल्टमध्ये कोरलेले एक नगर आहे. पाणी पावसाळ्यात झिरपते आणि कान्हेरीच्या लेण्यांत आहेत तशा कोरीव टाक्यांत साठते. टाक्यांची राखण एका घराण्याकडे आहे. लग्न, शिक्षा, पाहुणचार, सगळे पाण्याच्या मापात ठरते. वरच्या डोंगरावर कुणीतरी खाण सुरू केली आणि झिरपा आटला. राखणदार ही बातमी दडवून ठेवतात. खेळाडू नेमके त्याच आठवड्यात नगरात येतात. एकही राक्षस न आणता इथे तीन-चार सत्रांचे साहस तयार आहे.

खेळायला बसण्यापूर्वी

नकाशा काढताना आधी डोंगराचा उभा छेद काढा, कारण खाली अंतरापेक्षा खोली महत्त्वाची. त्यावर हवा, पाणी आणि अन्न आत येण्याच्या वाटा तीन रंगांत दाखवा. या वाटा जिथे एकत्र येतात तिथे राजधानी ठेवा, जिथे अरुंद होतात तिथे नाके आणि किल्ले. एखादी वाट बंद झाली तर सर्वांत आधी कोण उपाशी राहील, ते लिहून ठेवा. त्या माणसाची गाठ खेळाडूंशी पहिल्याच सत्रात घालून द्या.